दोन किलो शंभर

गेल्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला. वांकिडीच्या चुलत वहिनीला मुलगी झाली होती. खाली दादाने लिहिलं होतं, 'लक्ष्मी आली. वजन २ किलो १००. दोघी बऱ्या आहेत.' तिळगुळाच्या चित्रांमधून अभिनंदनाचे चाळीसेक निरोप आले. वजनाबद्दल कुणीच काही विचारलं नाही, मीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी आत्याने फोनवर विषय निकालात काढला, "आपल्या घराण्यात लेकरं लहानच असतात. तू काय मोठा होता?"

जन्मतः अडीच किलोच्या आत वजन असेल तर ते कमी धरतात. जगभर हीच रेघ आहे. अशा बाळाला अंगातली ऊब टिकवणं जड जातं, दूध ओढायला ताकद पुरत नाही आणि जंतुसंसर्ग लवकर होतो. आमच्या छकुलीचे पहिले दहा दिवस दवाखान्यातच गेले. तेव्हापासून मला 'घराणं' हे कारण पुरेसं वाटेनासं झालं.

वांकिडी ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाताना राज्याची हद्द यायच्या आधी आमचं गाव लागतं. जिल्हा जुना आदिलाबाद, २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद. राजुरा १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, त्यामुळे सोयरिकी आजही हद्द मोजत नाहीत. वहिनीचं माहेर राजुऱ्याकडचं. जमीन काळी आणि पीक कापसाचं.

त्या आधीच्या दिवाळीला मी गावी होतो. वहिनीला सातवा लागत होता. ती सकाळी पाचला उठायची, पाणी, चूल, भाकरी उरकून आठपर्यंत शेतात. वेचणीचे दिवस, मजूर मिळत नव्हते. कापूस वेचताना बाया कमरेला फडकं बांधून पुढे झोळी करतात आणि बोंडं त्यात टाकत जातात. ती झोळी वहिनीच्या पोटावर होती. संध्याकाळी अंगणात काटा लागायचा आणि प्रत्येकीने किती किलो वेचलं ते दादाच्या वहीत चढायचं. त्यात वहिनीचेही आकडे आहेत, रोजचे. तिचं स्वतःचं वजन गरोदरपणात किती वाढलं ते मात्र घरात कुणाला सांगता आलं नाही. काटा उरकला की ती आत जाऊन आमच्यासाठी चहा टाकायची आणि मी तो पीत लॅपटॉप उघडून बसायचो. हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

जेवायला ती सगळ्यांच्या शेवटी बसायची. दुसरी भाकरी घेतली की आजी म्हणायची, "कायले एवढं खाते माय? लेकरू मोठं झालं त निघन कसं?" आजी दुष्ट नाही. तिच्या काळी अडलेल्या बाळंतिणीला बैलगाडीतून न्यायला लागायचं आणि सगळ्याच परत येत नसत. भीती खरी होती, उपाय मात्र उलटा होता.

पोषण आणि बाळाचं वजन यावर आपल्याच मातीत फार मोठं काम झालं आहे, हे मला यानिमित्ताने वाचायला मिळालं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायांची नोंद ठेवली. त्या बाया सरासरी बेचाळीस किलोच्या होत्या, आणि त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला हीच सरासरी साडेतीनच्या आसपास होती. तिथल्या बाळांशी तुलना केल्यावर दिसलं, की आपल्या बाळाचे स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरतात, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहते. म्हणजे बाळ दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीचं. याज्ञिक पुढे होणाऱ्या मधुमेहाचं मूळ इथपर्यंत शोधत नेतात. आपल्या मंडळातल्या कितीजणांना पस्तिशीच्या आतच साखरेची गोळी लागली आहे ते आठवून पाहा.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. त्या बायांच्या खाण्यातल्या एकूण उष्मांकांशी आणि प्रथिनांशी बाळाच्या वजनाचा ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाण्यात येतं याच्याशी. आणि कामाशी. शेतातलं, घरातलं काम जितकं जास्त, तितकं बाळ लहान. पोटभर भाकरी खाल्ली म्हणजे झालं, असं नाही. आमच्या शेताच्या बांधावर अंबाडी आपोआप उगवते, पण वेचणीच्या दिवसांत ती खुडून निवडायला वेळ कुणाला? त्या दोन महिन्यांत घरात भाकरी, डाळीचं पाणी आणि तिखट एवढंच चालतं.

सरकारी सोय नव्हती असंही नाही. तेलंगणात २०१५ पासून गरोदर बाईला अंगणवाडीत दुपारचं पूर्ण जेवण मिळतं, सोबत अंडं आणि दूध. पण ते तिथे जाऊन जेवायचं असतं, आणि दुपारी बाराला वहिनी शेतात. आठव्यात ती माहेरी गेली तेव्हा कार्ड सोबत नेलं, ते तेलुगूत. तिकडच्या सिस्टरला आकडे तेवढे वाचता आले. रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन कमी. लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या मळमळतं म्हणून डब्यात तशाच.

आमच्या भागातली अजून एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. खर्रा आता फक्त बाप्यांचा राहिलेला नाही. वेचणीच्या शेतात बायाही तोंडात धरतात, भूक मरते म्हणून. मुंबईत झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात तंबाखू खाणाऱ्या किंवा मिश्री लावणाऱ्या बायांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. वहिनी खात नाही. पण तिच्या शेजारच्या तासात वेचणाऱ्या दोघी खातात, आणि त्यांतल्या एकीला दिवस गेले होते.

हे सगळं ऐकून दादा एका रात्री म्हणाला, "मग आता काय, पोरीचं आयुष्य गेलं का?" अजिबात नाही. वांकिडीहून फार लांब नसलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली. तिथे शंभरातली ४२ बाळं कमी वजनाची जन्मायची. ऊब द्यायची, आईचं दूध नीट पाजायचं, जंतुसंसर्ग वेळेत ओळखून औषध द्यायचं, एवढ्यावर नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ साली ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. आज घरोघरी आशाताई येतात त्यामागे हेच काम आहे. आमच्याकडेही आशाताई यायची, बाळाला गुंडाळून वजन करायची. छकुली आता नववा महिना पार करते आहे आणि भरली आहे.

पण आईच्या पोटात जे राहून गेलं ते भरून काढायला किती उशीर चालतो? मुंबईच्या वस्त्यांमध्ये हेच तपासलं गेलं. बायांना रोज पालेभाजी, फळ आणि दूध घातलेला एक खाऊ द्यायचा, तोही गरोदर राहण्याच्या आधीपासून. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर बाळांच्या वजनात फरक पडला नाही. ज्यांनी दिवस जाण्याआधी निदान तीन महिने तो खाल्ला होता, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. ४८ ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात. आणि ज्या बाया मुळातच फार बारीक होत्या त्यांच्यात तेवढाही फरक दिसला नाही. त्यांची सुरुवातच फार खालून होती.

हैदराबादेतल्या आपल्या घरांनी हे गावाकडचं म्हणून सोडून देऊ नये. माझ्या ऑफिसातल्या निम्म्या मुली सकाळी चहा-बिस्किटावर निघतात, दुपारी अर्धा डबा, आणि घरचं शाकाहारी असेल तर बी-१२ तपासलेलंच नसतं. पुण्याच्या त्याच गावांत बी-१२ची कमतरता फार मोठ्या प्रमाणात सापडली होती. मग तिसऱ्या महिन्यात डॉक्टर गोळ्यांची चिठ्ठी देतात आणि सासूबाई सुक्यामेव्याचे लाडू पाठवतात. त्याआधीच्या वीस वर्षांचं काय?

म्हणून या वेळी पोळ्याला गावी गेलो तेव्हा दादाच्या धाकट्या बहिणीला घेऊन आरोग्य केंद्रात गेलो. तिचं लग्न मार्गशीर्षात ठरलं आहे. काकूंकडे सगळी यादी तयार होती: किती तोळे, किती साड्या, मानपान कुणाकुणाचा. वजन ४१ किलो निघालं, हिमोग्लोबिन ९. काकू म्हणाल्या, "लग्नाआधी पोरीले दवाखान्यात नेलं हे तिकडं कळू नको देऊ बापू." कळू दिलेलं नाही. गोळ्या सुरू आहेत. दादाने दिवाळीनंतरच्या वेचणीसाठी पलीकडच्या गावातून चार मजूर आधीच सांगून ठेवले आहेत, भाव जास्त पडला तरी. आणि मी तिला रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो, गोळी चहासोबत घेऊ नको, लिंबू पिळून पाणी घे. तिकडून रोज दोन निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. परवा तेवढा एक फोटो आला. ताटात अंबाडीची भाजी, उकडलेलं अंडं, आणि बाजूला चहाचा कप.