मोबाईल, मैफल आणि समेवरचा फोटो

नाशिककरांना पाडवा पहाट म्हणजे काय ते सांगायला नको. दिवाळीच्या पाडव्याला पिंपळपारावर अंधारातच माणसं जमतात, जागा धरतात, आणि पहिला षड्ज लागायच्या आत ढीगभर मोबाईल वर गेलेले असतात. दुपारपर्यंत ते फोटो व्हॉट्सॅपवर येऊन आदळतात. गायकाच्या जागी एक पांढरा ठिपका आणि पुढे कुणातरी काकांचं टक्कल! हे फोटो कोण आणि कशासाठी जपून ठेवतं, देव जाणे.

माझं मत विचाराल तर मैफलीत फोटो जरूर काढावेत. पण चांगला फोटो गाणं ऐकणाऱ्यालाच मिळतो. इतरांना मिळतो तो फक्त आपण तिथे होतो याचा पुरावा.

आता थोडं आमच्या धंद्यातलं. कॅमेऱ्याला गायक-बियक काही कळत नाही. त्याला दिसतो भरपूर काळोख आणि मधे उजेडाचा एक तुकडा. तो बिचारा काळोख उजळायला जातो आणि गायकाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा करून ठेवतो. म्हणून चेहऱ्यावर बोट दाबून धरायचं, फोकस लॉक झाला की उजेड हाताने खाली ओढायचा. मागचं सगळं काळं झालं तर होऊ दे, काळोखच असतो तिथे. नाईट मोड बंद. तो एकामागून एक बरेच फोटो काढून त्यांची खिचडी करतो. देवळाच्या दीपमाळेला ते ठीक, तबलजीच्या बोटांचा मात्र धूर होतो. झूम म्हणजे बऱ्याचदा नुसती कात्री, त्यापेक्षा लवकर येऊन पुढे बसा. फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढे जातच नाही, तो फक्त वर सांगितलेलं टक्कल उजळतो :) आणि सगळ्यात आधी लेन्स रुमालाने पुसा. फराळाच्या बोटांनी काढलेल्या फोटोत प्रत्येक दिव्याला शेपूट फुटतं.

एवढं केलं की फोटो स्वच्छ येतो. चांगला यायला मात्र कान लागतात. द्रुत तीनताल चालू असेल तर सोळा मात्रांचं आवर्तन चार-पाच सेकंदांत संपतं. तिहाई सुरू झाली की सम येतेय हे ऐकणाऱ्याला कळतं, गायकाचा हात खाली येणार, तबलजी मान वर करून हसणार हेही कळतं. बटण तेव्हा दाबायचं. एक सम हुकली तर पुढची येतेच. विलंबितात घाईच नाही, आवर्तन मिनिटभराचंही असतं, फोन मांडीवर ठेवून ऐका.

पहाटेच्या मैफलीत आणखी एक गंमत असते. सूर्योदय साडेसहाच्या सुमारास. त्याच्या आधी थोडा वेळ आभाळ गडद निळं असतं आणि मंचावरचे दिवे पिवळे. दोन्ही उजेड तेव्हा बरोबरीचे असतात, मागचं झाडही दिसतं आणि चेहराही. त्या आधी शंभर काढा नाहीतर नंतर दोनशे, ते येत नाही. (ढोलपथकाचं गणित वेगळं. तिथे उजेड भरपूर आणि टिपरू सुसाट, त्यामुळे बटण दाबून धरून दहा-वीस फोटो घ्यावेत आणि घरी एक ठेवावा. आपल्या नाशिक ढोलाला ते शोभतं.)

आता जरा अवघड बोलतो. 2019च्या जुलैत इथल्या कालिदास कलामंदिरात मोबाईल वाजत राहिले म्हणून सुमीत राघवन यांनी 'नॉक नॉक सेलिब्रिटी'चा प्रयोग मधेच थांबवला. तेव्हा पेपरात खूप चर्चा झाली. रिंग वाजली की सगळे वळून बघतात, माणूस ओशाळतो. पण अंधारात वर धरलेला पडदा? तो मागच्या चार रांगांच्या डोळ्यांत दिव्यासारखा खुपतो आणि ओशाळत कुणीच नाही! मागे बसलेल्या आजी तासभर गायकाऐवजी तुमच्या फोनमधला गायक बघतात. त्याही पहाटे उठून आलेल्या असतात हो.

पाश्चात्य रॉक मैफलींत वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना सहसा पहिली तीन गाणी मिळतात, तीही फ्लॅशशिवाय. मग कॅमेरे बंद. आपल्याकडे हा नियम तसाच आणून चालणार नाही, ख्यालाच्या मैफलीत तीन चिजा म्हणजे जवळजवळ अख्खी मैफल! आणि पहिल्या दहा मिनिटांचं बंधन घातलं तर गायक अजून मंद्रातच असतो, चेहरा खुलतो तो नंतर. म्हणून मी म्हणतो, तीन गाण्यांऐवजी तीन फोटो. पडद्याचा उजेड अगदी कमी, फोन छातीच्या वर नाही, तीन सम पकडा आणि खिशात टाका.

व्हिडिओचं विचारू नका. संपूर्ण मैफलीचा व्हिडिओ घेणारे खूप भेटले, घरी जाऊन तो शेवटपर्यंत बघितलेला माणूस अजून भेटायचाय.