दादा सांगतोय ना, ऐक!

मंडळी, परवा आमच्या घरात पत्त्यांवरून भांडण झालं. आपले बावन्न पत्ते नव्हेत, 'मॅजिक: द गॅदरिंग'. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने तयार केलेला, १९९३ साली आलेला जादूगारांच्या लढाईचा खेळ. नातू अमेरिकेहून सुट्टीला आलाय. समोर त्याचा तिशी ओलांडलेला आतेभाऊ. दोघांनीही एकाच नावाचा 'लेजंडरी' पत्ता मांडला. दादा म्हणाला, "दोन्ही बाद." नातू म्हणाला, "दोन्ही राहतात." आवाज चढले तसे घरातले मोठे म्हणाले, "अरे, दादा सांगतोय ना, ऐक! खेळच तर आहे."

माझा आक्षेप आहे तो या वाक्याला.

नातवाने नियमाचं पान काढून दिलं, मी वाचलं. दादा खोटं बोलत नव्हता. तो कॉलेजात खेळायचा तेव्हा, म्हणजे २००४ पासून, नियम तसाच होता. २०१३ मध्ये तो बदलला. आता प्रत्येकाने आपलीच बाजू बघायची. आपल्याकडेच एका नावाचे दोन लेजंडरी झाले, तर एक ठेवून दुसरा काढायचा. म्हणजे नातू बरोबर. दादाने वाचलं आणि हसून पत्ता परत मांडला. मोठे मात्र अजून कुरकुरतायत, "पोरगं उलट बोलायला शिकलं."

त्या नियमांत आणखी एक गंमत आहे. सर्वसाधारण नियम आणि पत्त्यावरचा मजकूर यांत विरोध आला, तर पत्त्याचं खरं. एक पत्ता "करता येतं" म्हणाला आणि दुसरा "येत नाही", तर नकाराचं खरं. आपल्या व्याकरणातले उत्सर्ग आणि अपवाद वेगळं काय सांगतात? वयाने मोठा असेल त्याचं खरं, असं मात्र कुठेही लिहिलेलं नाही.

"खेळच तर आहे" म्हणणाऱ्यांना विचारतो, "कुठे लिहिलंय?" हे विचारायची सवय मुलांना दुसरीकडे कुठे लागणार? विम्याचे कागद न वाचता सह्या करणारे आपणच ना?

सांगायला लाज वाटते, पण सांगतो. लहानपणी आम्ही 'कवि' ऱ्हस्व शिकलो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी तो दीर्घ झाला. पुढे मास्तर झाल्यावरही एकदा सवयीने फळ्यावर ऱ्हस्वच लिहिला. एका मुलाने पुस्तक उघडून वर धरलं. मी म्हणालो, "मी सांगतोय ना? बस खाली."

तो बसला. नंतर त्याने कधी हात वर केल्याचं मला आठवत नाही.

असो. तेव्हा मंडळी, पोरगं नियम दाखवायला आलं, तर आधी चष्मा शोधा.