सोपा जोडविषय

भाचीने बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं आणि मायनर म्हणून समाजकार्य. का, विचारलं तर म्हणाली, "मावशी, सोपं असतं गं, मार्क मिळतात!" मला राग नाही आला. २०२० च्या शैक्षणिक धोरणामुळे असे जोडविषय घेता येतात, हे चांगलंच आहे. उद्या ती बँकेत लागली तरी समोरच्या माणसाकडे जरा वेगळ्या नजरेने बघेल.

मग विचारलं, "फील्डवर्क किती?"

"ते नाहीये. मायनरला फक्त पेपर."

इथे मात्र खटकलं.

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्ही आठवड्यातून दोन दिवस वस्तीत जायचो. एका आजींचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज मी भरून दिला आणि स्वतःवरच खूष झाले. आमच्या पर्यवेक्षक बाईंनी माझा अहवाल वाचून एवढंच विचारलं, "अर्ज तू का भरलास? तिथल्या कुणाला आला नसता?" पुढचा अर्ज शेजारच्या दहावी झालेल्या सुनेने भरला, मी नुसती बाजूला बसले होते. नंतर गल्लीतले लोक तिच्याकडेच जाऊ लागले. मदत अशी करावी की आपली गरज उरू नये, हे पुस्तकात वाचलं होतंच. कळलं मात्र त्या दिवशी.

देशातली समाजकार्य शिकवणारी पहिली संस्था, म्हणजे आजची टिस, १९३६ साली मुंबईत नागपाड्याच्या नेबरहूड हाउसमध्ये सुरू झाली. वर्गच मुळी वस्तीत भरला!

वेळ कुठून आणायचा, असं कॉलेजं म्हणतील. पण यूजीसीच्या हिशोबाने फील्डवर्कच्या एका क्रेडिटला ३० तास लागतात. दोन क्रेडिट म्हणजे ६० तास. १५ आठवडे, आठवड्याला एक सकाळ, चार तास. एवढं जमू नये?

अर्धवट शिकलेली पोरं वस्तीत सोडणं बरं नाही, हेही खरं. म्हणून तर अहवाल वाचून अवघड प्रश्न विचारणारं कुणीतरी हवं. खरा खर्च तिथे आहे, आणि टाळाटाळही तिथेच होते. पण तो टाळून नुसता पेपर घेतला, तर दुसऱ्याच्या अडचणींवर व्यवस्थित उत्तरं लिहिणारी मुलं तयार होतील. ती आपल्याकडे काय कमी आहेत?

असो. भाचीला म्हटलं, एक सकाळ माझ्याबरोबर चल. "मार्क मिळतील?" म्हणाली. नाही म्हटलं.

येते म्हणालीये. बघू.