कारखान्यातला कारखाना

सकाळी पालघरकडून येणारी गाडी बोईसरला थांबली की उतरणाऱ्यांत तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारी बरीच मंडळी असतात. तिथे पोलाद बनतं, कापड बनतं, रसायनं बनतात आणि औषधंही.

आता गंमत बघा. कितीतरी अँटिबायोटिक गोळ्यांचं काम एकच, दुसऱ्या एका कारखान्याला टाळं ठोकणं! हा कारखाना जिवाणूच्या पोटात असतो. त्याचं नाव रायबोसोम. १ मिलिमीटरच्या रेघेवर असे सुमारे ५० हजार शेजारी शेजारी बसतील, इतका तो लहान.

डीएनए हा मूळ नकाशा. त्याची आरएनए नावाची नक्कल रायबोसोमकडे येते. तो ती तीन-तीन अक्षरं वाचतो आणि दर तिकडीमागे एक अमिनो आम्ल ओवतो, गजऱ्यात फूल ओवावं तसं. तेही सेकंदाला १५-२०! ही माळ म्हणजे प्रथिन. प्रथिनं नाहीत तर जिवाणू वाढणार कसा?

या यंत्राची आतली बारीक रचना २००० साली उलगडली. बडोद्यात वाढलेले, तिथेच भौतिकशास्त्र शिकलेले वेंकी रामकृष्णन, अमेरिकेचे थॉमस स्टाइट्झ आणि इस्रायलच्या आडा योनाथ यांना त्यासाठी २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि काय दिसलं? ओवण्याची जागा प्रथिनाची नव्हतीच! घड्या पडलेला आरएनएचा धागाच तिथे सुई होऊन बसला होता.

औषधं या घड्यांमध्येच शिरतात. भातखाचरातल्या पाण्यातून लेप्टो झाला तर डॉक्टर बऱ्याचदा डॉक्सिसायक्लिन देतात. ते अमिनो आम्ल आत येण्याची वाट अडवतं. अ‍ॅझिथ्रोमायसिन माळ बाहेर पडण्याच्या बोगद्यातच ठाण मांडतं. आपल्या पेशींतही रायबोसोम असतात बरं का, पण त्यांची घडण थोडी वेगळी. म्हणून तर गोळी जिवाणूला भोवते, आपल्याला नाही.

पण जिवाणूही कमी नाहीत. त्या बोगद्यातलं आरएनएचं एखादं अक्षर बदललं किंवा त्याला छोटासा रासायनिक गोंडा चिकटवला, की अ‍ॅझिथ्रोमायसिनला बसायला जागाच उरत नाही. ताप उतरला म्हणून गोळ्या मनानेच बंद केल्या किंवा साध्या सर्दीला उगाच घेतल्या, तर अशा जिवाणूंचं फावतं. आणि गोंडा चिकटवायची ही युक्ती ते स्वतःपाशी ठेवत नाहीत. तिचा नकाशा शेजारच्या जिवाणूलाही देऊन टाकतात!