जुन्या नोंदींत दडलेला उपचार

डॉ. अतुल बुट्टे यांचे १३ जून २०२५ रोजी अमेरिकेत कर्करोगाने निधन झाले. वय अवघे ५५. नाव-आडनाव मराठी कानाला लगेच ओळखीचे वाटेल, पण त्यांचे काम आपल्याकडच्या सर्वसामान्य वाचकापर्यंत फारसे पोहोचलेले नाही. त्यांच्या नावावर एखादी नवी शस्त्रक्रिया किंवा लस नाही. दुसऱ्यांनी एकदा वापरून बाजूला ठेवलेली माहिती पुन्हा उघडायची आणि तिला नवा प्रश्न विचारायचा, हे त्यांनी आयुष्यभर केले. विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांनी या कामाकडे लक्ष द्यावे, अशी कारणे त्यात बरीच आहेत.

बुट्टे आधी संगणकशास्त्र शिकले आणि मग वैद्यक. दोन्ही पदव्या ब्राऊन विद्यापीठाच्या. मधल्या काळात ॲपल आणि मायक्रोसॉफ्टमध्ये प्रोग्रॅमर म्हणून त्यांनी काम केले. पुढे बॉस्टनमध्ये बालरोग आणि लहान मुलांचे संप्रेरकविकार यांचे प्रशिक्षण घेतले, पीएचडी केली. स्टॅनफर्डमध्ये दहा वर्षे काढून २०१५ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. डॉक्टरला पडलेला प्रश्न संगणकाला समजेल अशा भाषेत मांडणे आणि संगणकाचे उत्तर डॉक्टरच्या नजरेने तपासणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाला येत होती. अशी माणसे आजही कमीच आहेत.

त्यांच्या कामाचा पाया होता जनुकांच्या नोंदींची सार्वजनिक कोठारे. शरीरातल्या प्रत्येक पेशीत साधारण सारखीच जनुके असतात, पण कोणते जनुक किती जोमाने काम करते हे अवयवानुसार आणि आजारानुसार बदलते. ही कमी-जास्त हालचाल एका छोट्या चिपवर एकाच वेळी हजारो जनुकांसाठी मोजता येते. असे प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांनी आपले आकडे सर्वांसाठी खुले करावेत, यासाठी अमेरिकेत २००० साली एक सरकारी कोठार सुरू झाले. बहुतेक संशोधक त्यात आपला डेटा ठेवून पुढच्या कामाला लागत. बुट्टे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बाहेर काढायला सुरुवात केली.

मधुमेहाचे उदाहरण घेऊ. टाइप २ मधुमेहावर वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी केलेले १३० स्वतंत्र प्रयोग त्यांच्या गटाने एकत्र केले. त्यांतल्या १,१७५ चिपची आकडेवारी एकाच वेळी तपासली, की कोणते जनुक पुन्हा पुन्हा बिघडलेले दिसते? सगळ्यात वर आले सीडी-४४. हे जनुक प्रतिकारशक्तीच्या पेशींशी संबंधित आहे. मग प्रयोगशाळेत उंदरांवर पडताळा घेतला. स्निग्ध आहारावर ठेवलेल्या उंदरांना सीडी-४४ रोखणारे प्रतिपिंड दिले, तेव्हा त्यांची रक्तातली साखर कमी झाली. २०१२ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या १३० प्रयोगांपैकी कोणताही एक प्रयोग एकट्याने हे सांगू शकला नसता.

दुसरे काम औषधांचे. आजारात काही जनुके तापतात, काही थंडावतात. औषध दिल्यावरही तसेच होते. एखाद्या औषधाचा परिणाम आजाराच्या नेमका उलटा असेल, तर ते औषध त्या आजारावर चालेल का? २०११ मध्ये या गटाने १०० आजार आणि १६४ औषधे यांचे असे ठसे संगणकावर एकमेकांशी ताडून पाहिले. ॲसिडिटीवरचे जुने सिमेटिडीन फुप्फुसाच्या एका कर्करोगासमोर उभे राहिले आणि फिट्सवरचे टोपिरामेट आतड्याच्या दाहाच्या आजारासमोर. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दोन्ही जोड्या आशादायक ठरल्या.

जुने औषध नव्या आजारावर वापरणे नागपूरला नवे नाही. विदर्भात सिकलसेलच्या मुलांना दिले जाणारे हायड्रॉक्सीयुरिया याच वाटेने आले. ते जर्मनीत १८६९ साली प्रथम तयार झाले. जवळपास शंभर वर्षांनी, १९६७ मध्ये, अमेरिकेत कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. हे औषध गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते आणि त्यामुळे लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचे प्रमाण घटते, हे नंतर लक्षात आले. २९९ प्रौढांवरच्या चाचणीत तीव्र वेदनांचे झटके जवळपास निम्म्याने कमी झाले. ती चाचणी १९९५ ची, आणि सिकलसेलसाठी मान्यता मिळाली १९९८ मध्ये.

पण ते मान्यतापत्र इथल्या मुलांसाठी पुरेसे नव्हते. भारतातला सिकलसेल सौम्य असतो, असे मत बराच काळ प्रचलित होते. नागपुरातल्या रुग्णांच्या नोंदींनी वेगळे चित्र दाखवले. इथल्या अनेक मुलांत तो तीव्र असतो. या मुलांना किती मात्रा द्यावी, कमी मात्रा पुरते का, याचे उत्तर अमेरिकेत मिळणार नव्हते. ते नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या, म्हणजे आपल्या ‘मेडिकल’मधल्या, कमी व ठरावीक मात्रेच्या चाचणीतून मिळाले. ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली.

संगणकाने सुचवलेल्या प्रत्येक औषधाची गोष्ट अशी गोड होत नाही. टोपिरामेटचेच पाहा. आतड्याच्या दाहाच्या ज्या रुग्णांना काही अन्य कारणाने ते औषध मिळत होते, त्यांच्या नोंदी दुसऱ्या संशोधकांनी तपासल्या. २०१४ मध्ये निष्कर्ष आला की आजाराचे उद्रेक त्याने कमी होत नाहीत. याच पद्धतीने पुढे आलेले, नैराश्यावरच्या जुन्या गटातले एक औषध फुप्फुसाच्या आक्रमक कर्करोगाच्या मोजक्या रुग्णांना देऊन पाहिले, त्यांनाही लाभ झाला नाही. संगणकाने दिलेली सूचना म्हणजे उपचार नव्हे. ‘एआयने औषध शोधले’ अशी बातमी वाचून गोळी बदलण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी आणि तशा जाहिराती करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मात्र एक गोष्ट नोंदवायला हवी. सूचना चूक होती हेही आधीच्या नोंदींमुळेच इतक्या लवकर कळले.

सरकारी रुग्णालयांसाठी सर्वात महत्त्वाचा धडा बुट्टे सहभागी असलेल्या २०१९ च्या एका अभ्यासात आहे. संधिवाताच्या रुग्णाची पुढच्या भेटीत अवस्था कशी असेल, याचा अंदाज बांधायला संगणकाला शिकवले होते. शिकवणी विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या नोंदींवर झाली. नाणेफेकीला ०.५ आणि बिनचूक अंदाजाला १ गुण मिळेल, अशा मोजपट्टीवर त्याच रुग्णालयातल्या वेगळ्या रुग्णांसाठी त्याला ०.९१ गुण मिळाले. गरीब रुग्ण जिथे जातात अशा सार्वजनिक रुग्णालयात तीच प्रणाली वापरली, तेव्हा गुण ०.७४ वर आले. एकाच शहरपरिसरात एवढा फरक! मग परदेशातल्या किंवा महानगरांतल्या खासगी रुग्णालयांच्या नोंदींवर तयार झालेली प्रणाली गडचिरोलीहून रेफर झालेल्या रुग्णाबद्दल काय सांगेल? यंत्र ज्यांच्या नोंदींवर शिकते, त्यांनाच आधी ओळखते. ज्यांची नोंद नाही, त्यांच्याबाबत ते अंदाज करते, आणि तोही तितक्याच आत्मविश्वासाने.

म्हणून प्रश्न महागडी यंत्रे घेण्याचा नाही, नोंदींचा आहे. ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’मध्ये विदर्भाबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून रुग्ण येतात. सिकलसेल, तोंडाचा कर्करोग, क्षयरोग, सर्पदंश अशा आजारांचा इतका मोठा अनुभव देशात फार थोड्या ठिकाणी असेल. सरकारी रुग्णालयांतली त्याची लेखी नोंद मात्र बरेचदा घाईत लिहिलेल्या केसपेपरवर असते. तो केसपेपर रुग्ण घरी नेतो, पावसात भिजवतो, पुढच्या वेळी नवा काढतो. उरलेले कागद रेकॉर्ड रूममध्ये गठ्ठे बांधून पडतात. संगणकीकरण जिथे झाले आहे, तिथेही नोंदणी आणि बिल नीट दिसते, पण निदान आणि पुढे रुग्णाचे काय झाले हे सापडत नाही. संशोधनाला नेमके तेच लागते.

दरम्यान देश पुढे सरकतो आहे. जीनोम इंडिया प्रकल्पातल्या १० हजार भारतीयांच्या जनुकसंचांचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला झाला. १ जुलै २०२३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. तपासणी होईल, ‘एएस’ की ‘एसएस’ ते कार्डावर लिहिले जाईल. पण त्यातल्या एखाद्या गोंड मुलीला पुढच्या दहा वर्षांत किती वेळा दाखल व्हावे लागले, किती वेळा रक्त द्यावे लागले, हायड्रॉक्सीयुरिया किती नियमित मिळाले, हे त्या तपासणीशी जोडलेले नसेल, तर जनुकांचे वाचन अर्धेच राहील.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला खासगीपणाचा. सिकलसेलची नोंद लग्नाच्या बोलणीत कशी वापरली जाते, हे विदर्भातल्या प्रत्येक आशा कार्यकर्तीला ठाऊक आहे. म्हणून नाव-गाव काढून टाकणे, रुग्णाला समजेल अशा भाषेत संमती घेणे आणि नोंद कोणी उघडली याचा हिशेब ठेवणे हे आधी झाले पाहिजे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, पण रुग्णाचा विश्वास रुग्णालयालाच कमवावा लागेल. दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. ओपीडीत दारापर्यंत रांग असताना निवासी डॉक्टरने टाइप करत बसावे, ही अपेक्षा चुकीची आहे. त्यासाठी प्रशिक्षित नोंद-सहायकांची पदे मंजूर व्हायला हवीत. एमआरआय यंत्राच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे, पण त्याचे उद्घाटन करता येत नाही, ही खरी अडचण आहे.

सुरुवात एकाच आजारापासून करता येईल. विदर्भाने सिकलसेल घ्यावा. सर्व जिल्हा रुग्णालयांत एकसारखा, पानभराचा तक्ता असावा. प्रत्येक भेटीला तोच भरावा आणि वर्षाअखेरीस नावे वगळून तो नागपूरच्या अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना एकत्र अभ्यासाला द्यावा. संगणक आणि वैद्यक दोन्ही जाणणारी माणसे अशाच कामातून घडतील.

बुट्टे यांना कोठारात भरलेला माल मिळाला, कारण कोणीतरी आधी तो नीट मांडून ठेवला होता. विदर्भातल्या रुग्णांचा अनुभव उद्या कोणाच्या उपयोगी पडायचा असेल, तर आज तो वाचता येईल असा लिहावा लागेल.