झुरळे पाळणाऱ्या बाई

नागपूरच्या वन्संचा परवा फोन आला. "वहिनी, तुम्ही म्हणे घरात झुरळं पाळता? डोकं ठिकाणावर आहे ना?" मला फोनवर लगेच उत्तर सुचत नाही, फोन ठेवल्यावर सुचते. म्हणून इथे लिहिते आहे. नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतातच, वेगळे फोन करायला नकोत.

हो, पाळते. मागच्या पडवीत, प्लॅस्टिकच्या पेटीत. शे-दीडशे असतील.

आता कारण. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात नातू सौंदडला आला तो लेपर्ड गेको घेऊन. ठिपक्याठिपक्यांची पालच ती, पण डोळे मिटणारी. (आपल्या भिंतीवरच्या पालीला पापण्याच नसतात, हे मला सत्तरीत कळले. मी मराठी शिकवली, प्राणिशास्त्र नाही.) तिचे खाणे प्रवासातच संपले. नातू रडकुंडीला आला, तेव्हा मीच म्हटले, "अरे, झुरळंच ना? ओट्याखाली हवी तेवढी आहेत." दोन पकडून दिली. आदल्याच शनिवारी सिलिंडरमागे झुरळांच्या औषधी खडूच्या रेघा मारल्या होत्या, हे माझ्या ध्यानातच राहिले नाही. तिसऱ्या दिवशी पाल मेली. तपासणी कुणी केली नाही, पण मला ती करायची गरजही वाटली नाही. नातू एक शब्द बोलला नाही. जन्मभर खडू हातात धरला, आणि शेवटी खडूनेच घात केला.

म्हणून "घरात आहेतच की, तीच द्या" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. घरातले झुरळ गटारातून येते आणि कुणाच्या घरचे विष खाऊन येते ते कळत नाही. धुऱ्यावरचे नाकतोडेही नकोत. आपल्या धानावर किती फवारे पडतात ते शेतकऱ्याच्या घरात वेगळे सांगायला नको. जनावर पाळायचे तर त्याचे खाणेही आपणच वाढवायचे. ते जमणार नसेल तर जनावर आणू नये.

मग कोणते झुरळ? इथे नातवाचे आणि माझे भांडण झाले. त्याला हवी होती लाल, चपळ, तुर्कस्तानी म्हणतात ती. भराभर वाढतात आणि स्वस्त पडतात. मी नाही म्हटले. हीच जात १९७८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी आगारात सापडली आणि पुढे तिथल्या नैऋत्य भागातल्या गावागावांत पसरली. आपल्याकडे निसटली तर परत कोण गोळा करणार?

आम्ही आणली दुबिया. मूळची दक्षिण अमेरिकेची. गुळगुळीत भिंतीवर तिला चढता येत नाही. मादीला पंखांचे नुसते खुंट असतात, नराला पंख असून तो क्वचितच उडतो. मादी अंड्यांची कुपी बाहेर टाकत नाही, पोटातच सांभाळते आणि एकदम वीस-तीस जिवंत पिल्ले देते. त्यामुळे कुपी कुठे फटीत राहून गेली, ही भीती नाही. मात्र धीर लागतो. पिल्लू मोठे व्हायला चार-पाच महिने, आणि ऊब हवी तीस अंशांच्या आसपास. आमच्याकडे जानेवारीत सगळा कारभार थंडावतो. एका नराला तीन-चार माद्या पुरतात. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवायचे, खायला कोंडा, गाजर, भोपळ्याची साल. पालीला द्यायच्या आदल्या दिवशी झुरळांना चांगले खाऊ घालायचे, आणि देताना वर कॅल्शियमची भुकटी, नाहीतर पालीची हाडे ठिसूळ होतात. झुरळ पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नको. पेटी साफ करताना मी नाकाला फडके बांधते, कारण त्यांच्या विष्ठेच्या धुळीने दमा उठतो. एवढा एक मुद्दा वन्संचा खरा.

दुबियाही परकीच, हे मला कबूल आहे. म्हणून पेटी बंद करायची वेळ आली तर ती शेतात किंवा उकिरड्यावर रिती करायची नाही. अख्खी पेटी दोन दिवस फ्रीजरमध्ये. (फ्रीजर आमचा, वन्सं. तुम्ही काळजी करू नका.)

राहिली तुमची "शी". वन्सं, तुमच्या लेकीच्या लग्नातले कोशाचे पातळ आठवते? आपल्या भंडारा-गडचिरोलीकडे ढिवर मंडळी ऐनाच्या झाडावर तो किडा वाढवतात, आणि कोसे उकळतात तेव्हा किडा आतच असतो. ते पातळ नेसताना कुणी शी म्हटले नाही.

मुळात पाळावेच का, असे कुणी विचारले तर मात्र माझ्याकडे भक्कम उत्तर नाही. इथली घोरपड किंवा चांदणी कासव धरून घरात ठेवणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. परदेशी प्राण्यांपैकी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येणाऱ्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे करावी लागते. नातवाला मी ते नियम वाचायला लावले, मगच दुसरी पाल येऊ दिली. तरी पहिलीच आणली नसती तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते. पण आणली. आता ती माझ्या ओट्याखालचे काही खाणार नाही, एवढे मी बघते.

वन्सं दिवाळीत येणार आहेत. पेटी पडवीतच राहील. त्यांची खाट पुढच्या खोलीत घालीन.