मदत हवी, पण मान खाली घालून नाही!

लिंबागणेश पंचक्रोशीतील बंधू-भगिनींनो,

दुष्काळ पडला की नट-गायक एकत्र येतात, गाणं होतं, पैसा जमतो. तो पैसा नाकारा, असं आमचं म्हणणं नाही. पण गाणं आपल्या नावावर होणार असेल, तर त्यात आपण कसं दिसायचं हे आपल्याला विचारूनच ठरलं पाहिजे.

एक जुनं उदाहरण घ्या. २५ नोव्हेंबर १९८४. इथिओपियाच्या दुष्काळासाठी बॉब गेल्डॉफ आणि मिज युर यांनी जॉर्ज मायकेल, बोनो, स्टिंग अशा नामांकित गायकांना लंडनच्या एका स्टुडिओत गोळा केलं. नाताळच्या तोंडावर तबकडी निघाली आणि वर्षभरात सुमारे ८० लाख पौंड उभे राहिले. त्या पैशाने भुकेल्यांच्या पोटात अन्न गेलं, हे मान्यच. पण गाण्याच्या नावातच प्रश्न होता : या लोकांना नाताळ आल्याचं तरी ठाऊक आहे का? ज्या देशात चौथ्या शतकापासून ख्रिस्ती धर्म आहे आणि ७ जानेवारीला नाताळ होतो, त्या देशाला हा प्रश्न! तिथे यादवी युद्ध पेटलं होतं, त्यानेच उपासमार वाढवली होती. गाण्यात त्याचा उच्चारही नाही. २०१४ साली इबोलासाठी तेच गाणं पुन्हा झालं, तेव्हा घानाच्या वंशाचे गायक फ्यूज ओडीजी यांनी गायला नकार दिला. आफ्रिका म्हणजे फक्त रोगराई आणि मरण, हे चित्र त्यांना मान्य नव्हतं.

आपलंही असंच चित्र रंगवलं जातं : भेगाळलेली जमीन, कपाळाला हात लावलेला म्हातारा. नाताळाच्या दिवसांत बीड जिल्ह्यातली लाखो माणसं प्रत्यक्षात कुठे असतात? उसाच्या फडात. पहाटेच्या थंडीत बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. आजारपणात एक दिवस बसली तर खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो. आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही. ही माणसं दयेची भुकेली नाहीत. त्यांच्या घामाचा हिशेब थकलेला आहे.

दुसरी वाटही आपण पाहिली आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आई-बापांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमीला १९७७ साली कायद्याचं रूप मिळालं आणि काम हा हक्क झाला. २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या पहिल्या ‘वॉटर कप’ स्पर्धेत आपल्याच जिल्ह्यातला अंबाजोगाई तालुका होता. पुढे त्या चळवळीसाठी अजय-अतुल यांनी ‘तुफान आलंया’ केलं. त्या गाण्यातला गावकरी हात पसरत नाही, कुदळ उचलतो. कलावंतांनी गावं तर असं गावं!

म्हणून आमचं मागणं :

१. आपल्यासाठी गाणाऱ्यांनी आधी ग्रामसभेत येऊन आपलं ऐकावं.

२. जमलेल्या पै-पैचा हिशेब मराठीत, गावाच्या फलकावर लागावा.

३. गाण्यात ऊसतोडीची मजुरी, खाडा आणि पाणी यांचं नाव यावं.

४. देणगी आली म्हणून शासनाने आपली जबाबदारी झटकू नये.

बंधू-भगिनींनो, गाण्याचा पैसा एका हंगामात संपतो, हक्क पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. येत्या ग्रामसभेला या. रोजगार हमीच्या कामाची मागणी लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका!

— लिंबागणेशचे गावकरी